लिव्हरच्या गाठीवर इलाज झाल्यावर स्कॅन कसा करून घ्यायचा, कसा वाचायचा, कसा जपायचा

मे महिन्यातली गोष्ट. अक्कलकोटकडच्या एका आजोबांनी चादरीच्या दुकानाच्या पिशवीतून फिल्मची गुंडाळी काढून माझ्यापुढे ठेवली. रबर लावून घट्ट वळलेली, वर्षभर पत्र्याखाली ट्रंकेत पडलेली. व्ह्यू बॉक्सवर लावली तर अर्धी फिल्म काळवंडलेली. हल्लीच्या बऱ्याच फिल्म उष्णतेवर उमटतात, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या नीट ठेवल्या नाहीत तर पुन्हा काळ्या पडतात. लिव्हरच्या गाठीवर इलाज होण्याआधीचा त्यांचा तो एकमेव स्कॅन होता. सीडीचं विचारलं तर म्हणाले, "ती कुठं गेली बघाय पायजे ओ ताई." नवा स्कॅन मी जीव लावून केला, पण शेजारी ठेवून बघायला जुनं काहीच उरलं नव्हतं.

मी सोलापुरात गेली एकोणीस वर्षं सीटी आणि एमआरआयच्या मशीनवर टेक्निशियन आहे. रिपोर्ट रेडिऑलॉजिस्ट डॉक्टर लिहितात, इलाज लिव्हरचे आणि कॅन्सरचे डॉक्टर ठरवतात. चित्र चांगलं निघतं की वाया जातं, हे मात्र माझ्या हातात असतं, आणि बऱ्याच अंशी तुमच्याही. माझ्या सख्ख्या मामांना हा आजार झाला तेव्हा मशीनच्या दुसऱ्या बाजूनंही मी हे सगळं पाहिलं. मामा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. जुनी कावीळ बी (हेपॅटायटिस बी), त्यातून सिरोसिस, म्हणजे व्रण पडून लिव्हर कडक होणं, आणि त्यात २.८ सेंटीमीटरची गाठ. पुण्याला सुई घालून मायक्रोवेव्हच्या उष्णतेनं ती जागेवरच जाळली. घरी आल्यावर मामींचा पहिला प्रश्न होता, "परत येईल का गं?"

हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो. त्याचं उत्तर बऱ्यापैकी चित्रांत असतं, फक्त ते एका चित्रात नसतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. हे लिव्हरमध्येच उगवलेल्या कॅन्सरबद्दल आहे, ज्याला डॉक्टर एचसीसी म्हणतात. आतड्याचा किंवा दुसऱ्या अवयवाचा कॅन्सर लिव्हरमध्ये उतरला असेल तर त्याचे नियम वेगळे.

परत येतो म्हणजे कुठून येतो

शेतातली हरळी उपटताना मुळीचा तुकडा मातीत राहिला तर तिथूनच पुन्हा कोंब फुटतो. गाठीचंही एक परतणं असं असतं: काढलेल्या किंवा जाळलेल्या गाठीतल्या पेशी आधीच आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरलेल्या असतात. हे बहुतेक पहिल्या दोन वर्षांत दिसतं. दुसरं परतणं म्हणजे जमीनच बिघडलेली असते. सिरोसिस झालेल्या लिव्हरमध्ये दुसऱ्याच जागी नवी गाठ तयार होते, ती बहुधा दोन वर्षांनंतर. ऑपरेशन करून गाठ पूर्ण काढलेल्या पेशंटमध्येही पाच वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत लोकांत कॅन्सर पुन्हा दिसतो. हा आकडा घाबरवायला सांगत नाही. इलाज चांगला झाला तरी स्कॅन का सोडायचे नाहीत, ते यावरून कळतं. परतलेली गाठ २ सेंटीमीटरच्या आत सापडली तर ती पुन्हा जाळता येते, पुन्हा काढता येते.

इलाजाआधीचा स्कॅन टाकून देऊ नका

लोकांना वाटतं, गाठ गेली, आता जुन्या स्कॅनचं काय काम. पुढं काय होईल याचा सगळ्यात मोठा अंदाज त्याच स्कॅनमध्ये असतो. रेडिऑलॉजिस्ट त्यात काय शोधतात ते सांगते, म्हणजे तुम्हाला नेमकं विचारता येईल.

गाठ किती मोठी आणि किती जागी, हे पहिलं. ५ सेंटीमीटरच्या वरची किंवा एकाहून जास्त गाठी असतील तर धोका जास्त. मग कड. सुपारीसारखी गोल, गुळगुळीत कड असलेली गाठ बरी. जिच्या कडेला फुगवटे आणि कोंब आहेत, आल्याच्या कांडीसारखी जी वेडीवाकडी वाढली आहे, तिच्यावर नजर जास्त ठेवायची. डाय, म्हणजे चित्रात उजळ दिसणारं औषध, शिरेतून सोडल्यावर गाठीच्या बाहेर, तिला लागून असलेल्या लिव्हरमध्ये धूसर उजेड दिसतो का, हे तिसरं. गाठीची फक्त किनार उजळली आणि मधला भाग नाही, तर तेही चांगलं लक्षण नाही. मोठ्या गाठीशेजारी मोहरीएवढी पिल्लं दिसत असतील, किंवा पोर्टल शिरेत, म्हणजे आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या शिरेत, गाठ शिरली असेल, तर धोका उघडच आहे.

लिव्हरसाठी एमआरआयमध्ये प्रिमोविस्ट नावाचं खास औषध वापरतात. ते चांगल्या लिव्हरच्या पेशी स्वतःत ओढून घेतात आणि साधारण २० मिनिटांनी लिव्हर उजळ दिसतं, गाठ बहुधा काळी राहते. त्या चित्रात गाठीच्या बाहेरही काळसर पट्टा पसरलेला दिसला, तर बारीक रक्तवाहिन्यांत पेशी शिरल्या असण्याची शंका वाढते. मायक्रोस्कोपखाली जे दिसायचं त्याची ही चाहूल असते. पक्का निकाल तो नव्हे.

मामांच्या गाठीत यातलं फारसं काही नव्हतं. एकच गाठ, कड साफ. पण ती हेपॅटिक व्हेनला, म्हणजे लिव्हरच्या एका मोठ्या शिरेला चिकटून होती. गाठ जाळताना अशा शिरेतलं वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि त्या बाजूला आच कमी पडते. हे एक वाक्य आम्ही तेव्हाच वहीत लिहून ठेवायला हवं होतं.

स्कॅन नीट होणं म्हणजे काय

इथं मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या डोळ्यांदेखत सगळ्यात जास्त नुकसान इथंच होताना मी पाहिलं आहे.

लिव्हरला येणाऱ्या रक्तातलं सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून येतं आणि बाकीचं धमनीतून. एचसीसीची गाठ मात्र जवळपास सगळं रक्त धमनीतूनच घेते. म्हणून हाताच्या शिरेत डाय सोडली की सुमारे ३५ सेकंदांनी, डाय धमनीत असताना, गाठ उजळते आणि लिव्हर अजून फिकट असतं. ही आर्टेरियल फेज. ७० सेकंदांच्या सुमाराला पोर्टल शिरेतून डाय लिव्हरभर पसरते, लिव्हर उजळतं आणि गाठ विझत जाते. ३ ते ५ मिनिटांनी डिलेड फेज, त्यात गाठ आसपासच्या लिव्हरपेक्षा काळी दिसते. आधी उजळणं आणि मग विझणं, ही त्या गाठीची ओळख. परतलेली बारीक गाठही याच खुणेनं पकडायची. त्यामुळे आर्टेरियल फेज हुकली तर १ सेंटीमीटरची गाठ लिव्हरच्या रंगात मिसळून जाते आणि कुणालाच दिसत नाही.

म्हणून चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बघा. नुसतं 'सीटी ॲबडोमेन विथ कॉन्ट्रास्ट' असेल तर बऱ्याच ठिकाणी एकच फेज करून पेशंटला उठवतात. तुम्हाला हवा असतो ट्रिपल फेज सीटी, म्हणजे वर सांगितलेल्या तिन्ही फेजची चित्रं. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तसं लिहून घ्या, आणि लिव्हरच्या गाठीवर कोणता इलाज कोणत्या तारखेला झाला तेही. सेंटरला गेल्यावर काउंटरवर पुन्हा सांगा. साधी सोनोग्राफी केली की झालं, असं या पेशंटच्या बाबतीत समजू नका.

सुईचंही बघा. डाय सेकंदाला ३ ते ५ मिली इतक्या वेगानं जायला लागते. कोपराच्या खोबणीतल्या जाड शिरेत हिरवी किंवा गुलाबी इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत ठेवायची बारीक नळी, बसली तर उत्तम. केमो आणि सलाईन घेऊन शिरा बारीक झालेल्या पेशंटला मनगटावर निळी इंट्राकॅथ लावून आणतात, तिच्यातून तो वेग मिळत नाही आणि आर्टेरियल फेज फिकी येते. घरून निघताना पाणी किती प्यायचं ते सेंटरला विचारून घ्या. शिर भरलेली असली की सुई एका झटक्यात लागते.

आणि श्वास. मशीनमध्ये भरलेला आवाज हिंदीत किंवा इंग्रजीत सांगतो, "साँस रोकिए." आपल्या सोलापुरात पूर्व भागातल्या विणकर आजीला घरी फक्त तेलुगू कळतं, कर्नाटकाच्या हद्दीवरून आलेल्या मावशीला कन्नड. त्यांना तो आवाज कळत नाही, आणि त्याच वेळी डाय अंगात शिरून सगळीकडं गरम लागतं, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाली की काय असं वाटतं. माणूस दचकतो, हलतो, जोरात श्वास घेतो. नेमकी तीच आर्टेरियल फेजची वेळ. म्हणून मी टेबलावर घेण्याआधीच तीनदा श्वास रोखायची तालीम करून घेते, गरम कुठं कुठं लागेल ते सांगून ठेवते, आणि माईकवरून स्वतः बोलते: "ऊपिरि बिगपट्टंडी", "उसिरु हिडीरी." तुमच्या घरच्यांना मराठी नीट कळत नसेल तर टेक्निशियनला आधी सांगा. घरी आदल्या दिवशी पंधरा-वीस सेकंद श्वास रोखायचा सराव करून घ्या. याला खर्च काही नाही आणि फायदा फार मोठा.

फेज बरोबर जमली का, हे डॉक्टर चित्रावरूनच ओळखतात: धमनी ठळक उजळलेली, पोर्टल शिरेत थोडी डाय आलेली, आणि हेपॅटिक शिरा अजून रिकाम्या. हृदय कमजोर असलेल्या पेशंटमध्ये डाय उशिरा पोचते, तिथं घड्याळ लावून ३५ सेकंद मोजले तर चुकतं. चांगल्या सेंटरला मशीन महाधमनीवर नजर ठेवतं, डाय तिथं पोचल्याचं दिसलं की त्या हिशोबानं स्कॅन सुरू करतं. हे करता का, असं विचारायला संकोच करू नका.

बाकी नेहमीचं: किडनीच्या क्रिएटिनिन तपासणीचा ताजा रिपोर्ट, सेंटर सांगेल तेवढे तास उपाशी, आधी कधी डायची ॲलर्जी झाली असेल तर ती आठवणीनं सांगणं. शुगरची मेटफॉर्मिन गोळी किडनी बिघडलेली असेल तर थांबवायला सांगतात. ती मनानं थांबवू नका, डॉक्टरांना विचारा.

कधी करायचा

गाठ जाळल्यावर किंवा टेस केल्यावर, म्हणजे धमनीतून औषध सोडून गाठीचा रक्तपुरवठा बंद केल्यावर, पहिला स्कॅन साधारण महिन्याभरानं. पुढं पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांच्या आसपास, नंतर दर सहा महिन्यांनी. तुमचे डॉक्टर हे अंतर कमी-जास्त करतील, त्यांचंच ऐकायचं. सोबत एएफपी नावाची रक्ततपासणी असते. ती चढत गेली तर सावध व्हायचं, पण कित्येक पेशंटमध्ये ती गाठ असतानाही चढलेली नसते. मामांची कधीच चढली नाही. घरात सगळे "एएफपी नॉर्मल आहे" यावरच निर्धास्त होते. इलाजाआधी ती किती होती ते आधी बघा. तेव्हाही नॉर्मल असेल तर आता नॉर्मल आल्याचा फारसा अर्थ नाही.

रिपोर्टमधले शब्द

पहिल्या महिन्याच्या रिपोर्टवर घरोघरी रडारड होते. आधी गाठ २.८ सेंटीमीटर होती आणि आता ४.५ लिहिलंय! मामींनी मला रात्री साडेदहाला फोन केला होता. तर ऐका: जाळताना गाठीसोबत तिच्या भोवतीचं थोडं चांगलं लिव्हरही मुद्दाम जाळतात, चहूबाजूंनी निदान ५ मिलिमीटर, जमलं तर १० मिलिमीटर. जळालेली जागा गाठीपेक्षा मोठी दिसणं हे काम नीट झाल्याचं लक्षण आहे. ती जागा पुढच्या स्कॅनमध्ये हळूहळू आकसली पाहिजे. आकसायची थांबून वाढायला लागली तर मात्र लगेच विचारा.

जळालेल्या जागेभोवती पहिले काही महिने सगळीकडून सारखी, पातळ, उजळ किनार दिसू शकते. ती भाजल्यावर भोवती येणाऱ्या लालीसारखी समजा. एकाच बाजूला जाड, मण्यासारखी गोल, आर्टेरियल फेजमध्ये उजळणारी आणि नंतर विझणारी जागा दिसली, तर ती लाली नाही. इलाजाआधीचा आणि नंतरचा स्कॅन शेजारी लावून, त्याच शिरांच्या खुणा धरून, कुठल्या बाजूला ५ मिलिमीटरचं कुंपण भरलं नाही तेही बघता येतं. गाठ परत उगवली तर बहुधा त्याच बाजूनं उगवते. डॉक्टरांना नेमकं हेच विचारा: "सगळ्या बाजूंनी मार्जिन मिळालंय का? कुठं कमी आहे?"

टेसमध्ये लिपिओडॉल नावाचं तेलकट औषध वापरलं असेल तर सीटीत ती जागा पांढरीशुभ्र दिसते आणि त्या पांढऱ्यात उजळलेली गाठ लपून जाते. अशा वेळी एमआरआय सांगितला तर पैशाकडं बघून टाळू नका. रेडिएशन दिलं असेल तर उलट: गाठ मेली तरी काही महिने ती उजळत राहू शकते, तिथं घाई करून निष्कर्ष काढायचा नसतो. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीनं लाय-रॅड्स नावाची जी पद्धत घालून दिली आहे, तिच्यात याच कारणानं २०२४ साली रेडिएशननंतरचे आणि इतर इलाजांनंतरचे नियम वेगवेगळे केले.

त्या पद्धतीचे शब्द तुमच्या रिपोर्टमध्ये दिसतील. 'नॉनव्हायेबल' म्हणजे जिवंत गाठ दिसत नाही. 'व्हायेबल' म्हणजे दिसते. 'इक्विव्होकल' म्हणजे ठाम सांगता येत नाही, आणि लोक हाच शब्द वाचून फाईल बंद करतात. उलट, या शब्दावर पुढची तारीख लवकरची घ्यायला हवी, किंवा दुसऱ्या पद्धतीचा स्कॅन. माप लिहिलं असेल तर ते कशाचं, हे विचारा: पूर्ण जागेचं की फक्त उजळणाऱ्या भागाचं? कामाचं माप उजळणाऱ्या भागाचं.

प्रत्येक उजेड म्हणजे कॅन्सर नव्हे. सिरोसिसच्या लिव्हरमध्ये, आणि सुई गेलेल्या वाटेवर, धमनी आणि शीर यांचा आपसात जोड तयार होतो. त्यानं आर्टेरियल फेजमध्ये भाकरीच्या चतकोरासारखा त्रिकोणी उजेड येतो आणि नंतर लिव्हरच्या रंगात मिसळून जातो. तो विझून काळा होत नाही. बऱ्याचदा पुढच्या स्कॅनमध्ये जागेवरही नसतो.

मामांचं काय झालं

दुसरा स्कॅन व्यवस्थित झाला. तिसऱ्या वेळी मी गावाला होते. मामा एकटेच गेले, स्वस्तात होतं म्हणून दुसरीकडं. तिथं एकच फेज झाली, जुना स्कॅन कुणी मागितला नाही, मामांनी नेलाही नव्हता. रिपोर्ट आला: विशेष बदल नाही. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. चार महिन्यांनी पुढचा ट्रिपल फेज मी स्वतः केला आणि आर्टेरियल फेज स्क्रीनवर सरकत असताना माझा हात थांबला. जळालेल्या जागेच्या कडेला, त्या शिरेच्या बाजूलाच, १.८ सेंटीमीटरचा गोल उजेड. डिलेडमध्ये काळा.

मग आमच्या रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी दुसरा स्कॅन उघडला आणि दोन्ही शेजारी लावले. त्याच जागी, सहा मिलिमीटरचा एक मणी तेव्हाच होता. एकट्या चित्रात तो किनारीचाच भाग वाटावा असा. पहिल्या महिन्याच्या चित्रात तो नव्हता. तिन्ही एका ओळीत लावल्यावर लहान मुलालाही दिसलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी रोज हेच काम करते, आणि माझ्याच घरची फाईल कपाटात राहिली.

फाईल कशी ठेवायची

फिल्म ठेवा, सपाट ठेवा, उन्हापासून लांब. पण खरा जीव सीडीत असतो. फिल्मवर मोजकी चित्रं असतात, सीडीत शेकडो, आणि डॉक्टरांना त्यातूनच माप घेता येतं, फेज शेजारी लावता येतात. सीडी घरी आणल्या दिवशीच पेन ड्राइव्हवर पूर्ण फोल्डर उतरवा, मोबाइलनं काढलेला फिल्मचा फोटो चालत नाही. सीडीवर मार्करनं तारीख लिहा.

शाळेची दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक स्कॅनला एक ओळ: तारीख, सेंटर, सीटी की एमआरआय, किती फेज, जळालेल्या जागेचं माप, उजळणाऱ्या भागाचं माप, एएफपी, क्रिएटिनिन. शक्यतो दर वेळी तेच सेंटर, तेच मशीन. बदलावं लागलं तर जुनी सीडी सोबत न्या आणि रिपोर्टमध्ये जुन्या स्कॅनशी तुलना लिहून मागा. मत घ्यायला बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलला जा, हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जा, नाहीतर परळच्या टाटाला. वही आणि पेन ड्राइव्ह पिशवीत पहिल्यांदा टाका, डबा नंतर.

कॉम्प्युटरला चित्रं दाखवून तो परतण्याचा धोका सांगेल, यावर जगभर काम सुरू आहे. चित्रातल्या बारीक पोतावरून तो आकडे काढतो. पण स्लाइसची जाडी बदलली, डायची वेळ चुकली, मशीन बदललं की तेच आकडे हलतात. त्यामुळे आज तरी तुमच्या डॉक्टरांचा निर्णय त्यावर ठरत नाही. उद्या तो कामाचा झाला तरी त्यालाही एकसारखे, जपून ठेवलेले स्कॅनच लागतील.

धोका जास्त आहे असं कळलं तर करायचं काय, हेही लोक विचारतात. स्कॅनमधलं अंतर कमी करून घ्यायचं. कावीळ बी असेल तर व्हायरसच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, त्यांनी परतण्याचा धोका कमी होतो. दारू पूर्ण बंद. आणि लिव्हर बदलण्याचा विचार वेळेत विचारून ठेवायचा, कारण त्याला गाठीच्या मापाच्या अटी असतात. १९९६ सालापासून चालत आलेल्या मिलान निकषात एकच गाठ असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी असतील तर प्रत्येक ३ सेंटीमीटरपर्यंत. त्या मापाच्या आत असताना सापडणं, आणि मापाबाहेर गेल्यावर सापडणं, यात पेशंटचं सगळं पुढचं आयुष्य बदलतं.

मामांची ती १.८ सेंटीमीटरची जागा पुन्हा जाळली. त्यानंतर सहा स्कॅन झाले, सहाही वेळा तिथं काळोखच आहे. आता वही मामीच लिहितात. चौथीपर्यंत शिकलेल्या मामी 'आर्टेरियल' हा शब्द न अडखळता वाचतात आणि काउंटरवर जाऊन विचारतात, "तिन्ही फेज करणार न्हवं?" पुढची तारीख गड्ड्याच्या यात्रेनंतरची आहे, वहीत पेन्सिलनं लिहून ठेवली आहे.